घराकडे तोंड केलेली पाटी

धुळ्याच्या देवपुरात आमच्या नानांच्या फाटकावर एक पाटी आहे आणि ती उलटी लावलेली आहे. म्हणजे अक्षरं खाली डोकं वर पाय अशी नाहीत; पाटीचं तोंड घराकडे आहे. रस्त्यावरच्या माणसाला नुसता गंजलेला पत्रा दिसतो. नवा पोस्टमन आला की तो आधी पत्रा बघतो, मग वाकून आत बघतो, आणि मग नानांकडे बघतो. जुन्यांनी बघणं सोडलंय.

आत जाऊन वाचलं तर पांढऱ्या रंगानं, एसटी स्टँडवर असतं तसं, लिहिलंय:

बकुळ – सकाळी ६.१५
सोनचाफा – ८.३०
मोगरा – सायंकाळी ६.००
जुई – ६.४५
रातराणी (मुक्कामी) – रात्री ९.००

सोनचाफा आणि मोगऱ्याच्या मधली एक ओळ कोरी आहे. निदान मी पहिल्यांदा पाटी वाचली तेव्हा कोरी होती. त्या कोऱ्या ओळीचीच ही गोष्ट आहे.

नाना एसटीच्या वर्कशॉपात मेकॅनिक होते. तीस वर्षं त्यांनी डिझेल हुंगलं. गाडी गेटातून आत येत असतानाच ते लांबून सांगायचे, "क्लचप्लेट गेली," आणि डायव्हर उतरायच्या आधी पाना घेऊन उभे असायचे. रिटायर झाल्यावर हात धुतले आणि ठरवलं, की आता उरलेल्या नाकाला चांगलं काहीतरी द्यायचं. बाग केली. पण मेकॅनिक तो मेकॅनिकच. बागेत कोण कधी येतं, कोण लेट आहे, कोणाला सर्व्हिसिंग लागणार, सगळं त्याच भाषेत.

मी इस्त्रीवाला. नाव बालाजी, गाव उदगीरकडचं. आठवीच्या गणिताच्या पेपराला पोटात गोळा आला, तो घेऊन घरी गेलो तो शाळेत परत गेलोच नाही. मामाच्या मागे धुळ्याला आलो, मामा पुढे सुरतेला गेला आणि मी टेबल, कोळशाची इस्त्री आणि पाण्याचा डबा घेऊन इथंच राहिलो. टेबल लावायला जागा मिळेना. नानांच्या कंपाउंडच्या भिंतीला लागून कडुनिंबाची सावली होती. मी हात जोडून विचारलं.

नानांनी माझ्याकडे न बघता खिशातून काहीतरी काढून माझ्या नाकाशी धरलं. "डोया मीच. काय वास येस?"

माझ्या पोटात आठवीचा गोळा परत आला. इथंही परीक्षा! नापास झालो तर जागा गेली. डोळे मिटले. वास ओळखीचा होता, पण नाव येईना. मी घाबरून म्हणालो, "नाना, नाव माहीत नाही. पण लग्नातल्या साड्या वर्षानं पेटीतून काढल्या ना, की घडीतून येतो तसा."

नानांनी आता पहिल्यांदा माझ्याकडे बघितलं. मग हात उघडला. वाळलेली बकुळ होती, चार-पाच फुलं.

"लाव टेबल," ते म्हणाले. "नाव बठ्ठ्यासले सांगता येस. तू कंट्रोलर."

बठ्ठ्यासले म्हणजे सगळ्यांना, हे मला नंतर कळलं. स्टँडवर एक खिडकी असते, तिथं बसून एक माणूस कोणती गाडी आली, कोणती सुटली हे माइकवर ओरडतो. तो कंट्रोलर. माझं काम असं, की टेबलाशी उभ्या उभ्या ज्या फुलाचा वास भिंतीवरून माझ्यापर्यंत पोचेल त्याची मोठ्यानं हाळी द्यायची. "नाना, जुई आली!" घड्याळ बघून आतून नाना म्हणणार, "चार मिनिटं लेट शे." आणि व्हरांड्यातल्या झोपाळ्यावरून त्यांची बायको, अक्का, म्हणणार, "आला हो वास. अगदी आला."

भाडं नाही, काही नाही. नुसतं ओरडायचं. शाळेत ज्याला कधी तोंड उघडता आलं नाही त्या माणसाला रोज पाच वेळा ओरडायला मिळालं, आणि प्रत्येक उत्तर बरोबर. मी गावाकडे आईला फोनवर सांगितलं, की इथं मला हुद्दा आहे.

"पण नाना, वास तर तुम्हालाही येतो," एकदा धीर करून म्हणालो.

"मी डायव्हर शे. तिकीट कंडक्टरनी फाडानं."

 मी शर्टाची कॉलर फिरवली.

झाड निवडायचं तर नाना मला बरोबर न्यायचे. दोंडाईचा रस्त्याला एक नर्सरी आहे, तिथला मालक नानांना बघून कपाळाला हात लावायचा. कारण नाना जायचे ते त्याची दुकान बंद करायची वेळ साधून.

"नाना, सकाळी येत जा ना. निवांत दाखवतो."

"सकाळी मोगरा झोपस. झोपेल डायव्हरनी परीक्षा कशी घेऊ?"

मग परीक्षा सुरू. फूल नाकाला लावून नानांनी कधीच बघितलं नाही. ते म्हणायचे, नाकाला लावल्यावर पावडरचा डबासुद्धा वास देतो. ते मला दहा पावलं लांब उभं करायचे, पाठ फिरवून. मागे रोपं बदलत राहायचे. ज्या रोपानं दहा पावलांवरून हाक मारली ते घ्यायचं. हिरवंगार, भरलेलं रोप दिसलं की नाना नाक मुरडायचे. "खत खाईसन फुगेल शे. हा फुलणार नाही, नुसता पाला हलवेल." सुकट, लाकूड धरलेलं, पण कळ्यांचे घोस घेऊन बसलेलं रोप दिसलं की डोळे बारीक व्हायचे. एकदा मालकानं जास्वंद पुढे केली, केवढी मोठी, लाल. नाना तिच्याकडे दुःखानं बघत राहिले. "केवढी गाडी, अन् एक पॅसेंजर नही," म्हणाले.

घरी आणलेलं रोप लगेच लावायचं नाही. कुठं लावायचं ते वारा ठरवणार. वारा कुठून कुठं जातो हे कळायला नानांनी आठ दिवस, सकाळ-दुपार-संध्याकाळ, बागेच्या कोपऱ्याकोपऱ्यात उदबत्त्या लावल्या आणि धुराच्या मागे मागे चालले. लोकांना वाटलं काही व्रत आहे. समोरच्या मावशी तर नमस्कार करून गेल्या. ज्या ज्या जागेवरून धूर थेट झोपाळ्याकडे गेला तिथं तिथं नानांनी चुन्याची फुली मारली आणि त्याच फुल्यांवर आज सगळी बाग उभी आहे. फक्त रातराणी पार मागच्या भिंतीला. "मुक्कामी गाडी गावात घेऊ नये. डोकं उठवते."

माघात मोगऱ्याचं पाणी तोडायचं. पानं खुडायची. झाड बघवत नाही असं होतं. मी कळवळून एकदा तांब्याभर पाणी घातलं, तर नाना दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी म्हणाले, "इंजन उघडेल व्हतं, तू डिझेल टाकी दिधं." त्या वेळी हसायला आलं. पण उन्हाळ्यात, धुळ्याचं ऊन पत्र्यावर फुलका भाजेल असं असताना, संध्याकाळी सहाला तो उपाशी ठेवलेला मोगरा असा काही उघडला, की माझ्या हातातली इस्त्री तशीच राहिली. भिंतीपलीकडून कोणीतरी गार हात कपाळावर ठेवावा तसं झालं. मी हाळी द्यायची विसरलो. रिक्षावाले थांबून विचारायला लागले, इथं लग्न आहे का? मी नानांकडे बघितलं. ते मोगऱ्याकडे बघत नव्हते. झोपाळ्याकडे बघत होते.

आता अक्कांचं सांगतो. अक्का रावेरकडच्या, केळीच्या मुलखातल्या. नानांची बोली वेगळी, अक्कांची वेगळी आणि माझी तिसरीच, त्यामुळे आमच्यात गैरसमज भरपूर आणि भांडण कधीच नाही. बागेची मूळ हौस अक्कांची. लग्न होऊन आल्या तेव्हा पदराला बांधून जुईची काडी आणली होती म्हणे. त्यांचं नाक असं, की नाना घरी आल्यावर आज कोणत्या गाडीखाली झोपले होते ते सांगायच्या. आता गुडघ्यांमुळे झोपाळ्यावरच बसून असतात. डोळे चांगले. जीभ त्याहून चांगली.

एके दिवशी नाना बाजारात गेले होते तेव्हा अक्कांनी मला हाक मारली. "बालाजी, तू हाळी देतो ना, ती जरा मोठ्यानं देत जा रे बाप्पा. मले कमी ऐकू येतं."

मी मोठ्यानं द्यायला लागलो.

मग ती साडी जळाली. अक्कांचीच, अबोली रंगाची. त्या दिवशी झोपाळ्याजवळ सावलीत टेबल आणलं होतं, बाहेर उन्हाची गरम लू चालली होती म्हणून. कोळसा जास्त झाला, माझं लक्ष गावाकडच्या फोनकडे आणि पदराला हे एवढं भोक. धूर नाही, पण वास असा की मलाच खोकला आला. मी जागच्या जागी गोठलो. आता अक्का बोलणार, नाना येणार, टेबल जाणार. अक्का चार हातांवर बसून तांदूळ निवडत होत्या. निवडतच राहिल्या. मी वाट बघितली. काहीच नाही. ते न बोलणं मला बोलण्याहून जड झालं. मी जाऊन पाय धरले. "अक्का, चुकलं. साडी जळाली."

त्यांनी दचकून वर बघितलं. "कधी?"

"आत्ता. वास नाही आला?"

हातातलं ताट त्यांनी खाली ठेवलं.  मग म्हणाल्या, "त्या साथीत ताप आला होता ना मले, तेव्हापासून काहीच नाही येत. ना फोडणीचा, ना फुलाचा. यांना सांगू नको. तुले तुझ्या आईची शपथ. हा माणूस दिवसभर मातीत बसतो तो माझ्यासाठी. त्याला कळलं तर उद्या कुदळ खाली ठेवेल आणि परत उचलायचा नाही. बाग सुटली की याचं काय राहिलं?"

साडीबद्दल त्या पुन्हा कधी बोलल्या नाहीत.

तेव्हा मला कळलं, त्यांना ऐकू छान येतं. माझ्या हाळीवर त्यांचं सगळं चाललं होतं. मी "जुई आली" म्हटलं की त्या डोळे मिटून "आला" म्हणायच्या. मी चुकलो तर त्या चुकणार. त्या दिवसापासून माझं काम हुद्दा राहिलं नाही, जोखीम झाली. सर्दी झाली की मी ओवा हुंगून नाक मोकळं करून टेबलावर यायचो. गावाला चार दिवस जायचं तर जीव थाऱ्यावर नाही. आई म्हणायची, इस्त्रीवाल्याला एवढं काय रे? तिला काय सांगू!

इकडे नानांना वेगळीच चिंता. दुपार. सोनचाफा दहा वाजेपर्यंत दमतो, मोगरा सहाला येतो. मधे आठ तास स्टँड रिकामं. "दुपारनी गाडी पाहिजे," असं म्हणत त्यांनी किती झाडं आणली आणि परत केली. शेवटी हिरवा चाफा आणला. वेलीसारखं पसरणारं झाड, काटेरी. त्याचं फूल पानासारखंच हिरवं, डोळ्यांना सापडत नाही आणि हिरवं आहे तोवर वासही नाही. पिवळं पडायला लागलं, की ऐन उन्हात पिकलेल्या केळ्यासारखा वास सुटतो. झोपाळ्यासमोर चुन्याची जी सगळ्यात मोठी फुली होती ती नानांनी त्याच्यासाठी राखून ठेवली होती.

"केळीचाच वास कशाला, नाना?" मी विचारलं.

"ती रावेरनी शे," एवढंच म्हणाले.

तीन वर्षं झाडानं नुसता पाला दिला. नाना रोज पानं उलटून बघायचे. चौथ्या उन्हाळ्यात एका सकाळी त्यांनी मला फाटकातूनच तीन बोटं दाखवली. तीन फुलं लागली होती. हिरवी. ते त्यांनी अक्कांना सांगितलं, मला सांगितलं, पोस्टमनला सांगितलं. "आता कधीबी पिवळी पडतील. कंट्रोलर, दुपारी नाक उघडं ठेव."

मला झोप येईना. मी हिरवा चाफा आयुष्यात हुंगला नव्हता. नानांनी कोऱ्या ओळीवर खडूनं "हिरवा चाफा" एवढं लिहून पुढं वेळेची जागा सोडली होती. अक्का झोपाळ्यावरून सारख्या माझ्याकडे बघत होत्या. गणिताचा पेपर परत आला होता आणि ह्या वेळी दोघांचे मार्क माझ्या हातात होते.

तिसऱ्या दुपारी, पाऊण वाजायच्या सुमाराला, मी एका कुर्त्याची बाही सरळ करत होतो आणि वास आला. लख्ख आला. केळं, पिकलेलं, उन्हानं तापलेलं. अंगावर काटा आला. इस्त्री आपटून मी जीव खाऊन ओरडलो, "नाना! हिरवा चाफा आला!"

झोपाळ्यावरून अक्का लगेच म्हणाल्या, "आला गं बाई! अगदी रावेरचा वास! काय सुटलाय!"

मी भिंतीवरून बघितलं. नाना झाडाशीच उभे होते. एका हातात फांदी उलटी धरलेली. तिन्ही फुलं हिरवीगार. पिवळेपणाचा ठिपकासुद्धा नाही.

आणि त्याच वेळी माझ्या पाठीमागून, कडुनिंबाच्या सावलीत हातगाडी टेकवून घाम पुसणारा माणूस ओरडला, "ए केळीऽऽ!"

पुढच्या दोन-चार क्षणांत मला काय काय दिसलं सांगतो. उदगीर दिसलं. आठवीचा वर्ग दिसला. झोपाळा थांबला, अक्कांचा चेहरा पांढरा पडला, डोळे आधी हातगाडीकडे आणि मग नानांकडे. नानांनी फांदी हळूच सोडली. खिशातून घड्याळ काढलं. चालत चालत फाटकापर्यंत आले, खडू घेतला आणि पाटीवरच्या मोकळ्या जागेत लिहिलं: "दुपारी १२.४५".

"टायमावर शे," मोठ्यानं म्हणाले. "पहिल्याच दिवशी."

आणि झोपाळ्याकडे न बघता फाटकातून बाहेर आले.

हातगाडीवाल्याकडून त्यांनी अर्धा डझन केळी घेतली आणि माझ्या टेबलापाशी उभे राहिले.  "नाना, माझी चूक. मला वाटलं..."

"हळू बोल."

"तुम्हाला कळलं?"

नाना एक केळं सोलत म्हणाले, "तू येवाना आधीपासून माहीत शे. दूध जळालं होतं, ती चुलीपाशी उभी होती. माझं नाक बिघडलेलं नाही." केळं त्यांनी माझ्या हातात दिलं. "ती मला सांगत नाही. काबरं? मला वाईट वाटेल म्हणून. बरं, मग मी तिच्याकडून ते कशाला काढून घेऊ?"

"मग ही पाटी..."

विचारता विचारताच मला समजलं. घराकडे तोंड केलेली पाटी. झोपाळ्यावरून सरळ वाचता येईल एवढी मोठी अक्षरं. भिंतीबाहेरचा कंट्रोलर, मोठ्यानं ओरडणारा. अक्कांना कधी चुकायची पाळी येऊ नये म्हणून ह्या माणसानं अख्खं स्टँड उभारलं होतं आणि गावाला वाटत होतं नाना जरा वेडेच आहेत. मलाही तसंच वाटत होतं. हे सगळं करत असताना ते माघात मोगऱ्याची पानं खुडत होते, उदबत्तीच्या मागे चालत होते. खरा वास, खऱ्या वेळेला, खऱ्या जागी पोचावा म्हणून. कदाचित एखाद्या दिवशी पोचेल म्हणूनही.

"खा केळं," नाना म्हणाले. "अन् उद्यापासून हातगाडी आली की आधी माले सांग."

खरा हिरवा चाफा आठ दिवसांनी पिवळा पडला. वास आला तेव्हा मी ओरडलो नाही. गाडी तर केव्हाच आली होती, तीच गाडी दुसऱ्यांदा कशी येणार? मी नानांकडे बघितलं. त्यांनी तीनपैकी एक फूल खुडलं आणि मी अक्कांच्या साड्यांचा इस्त्री केलेला गठ्ठा घेऊन आत निघालो होतो, त्या गठ्ठ्यावर ठेवलं. "मी दिलं म्हणू नको," एवढं म्हणून पाइप उचलला आणि बकुळीला पाणी घालायला लागले.

अक्कांनी फूल उचललं. नाकाशी धरलं. बराच वेळ धरलं. मग खाली मांडीवर ठेवलं आणि माझ्याकडे बघितलं.

"बालाजी, आता खरं सांग. कसा येतो रे?"

जन्मात पहिल्यांदा कोणी मला प्रश्न विचारला आणि पोटात गोळा आला नाही. "केळ्याचा, अक्का. पण पुरतं पिकलेल्या केळ्याचा नाही. पिकायला नुकतं सुरू झालेल्या घडाचा. पोत्याखाली हात घातला की ऊब लागते ना, तसा."

"केळी पिकवायच्या वखारीचं दार सकाळी पहिल्यांदा उघडतात तेव्हा येतो तसा?"

"वखार मी बघितली नाही, अक्का."

"मी बघितली आहे," त्यांनी डोळे मिटले. "बाबा दार उघडायचे, मी त्यांच्या पायांमधून आत बघायची. हं. सांग पुढं."

बाहेर पाण्याचा आवाज थांबला होता. दुपारी एक वाजता झाडांना पाणी घालायची नानांची वेळच नाही. मुळं भाजतात म्हणून तेच मला ओरडायचे. खिडकीखाली, बंद पाइप हातात धरून, एक माणूस अगदी न हलता उभा असल्यासारखं वाटलं.

मी जरा मोठ्यानं सांगायला लागलो.